एक नोंद, दोन वह्या
(प्रस्तावना)

भेटीच्या वेळा आता एका जागी जमत नाहीत. दवाखान्यातून फोनवर सांगितलेली वेळ आपण रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलमधल्या यादीत टाकतो. मुलांच्या शाळेची पालकसभा घरातलं दुसरं कोणीतरी सामाईक यादीत लिहून ठेवतं. बँकेत कागद द्यायचे आहेत हे रात्री झोपताना आठवतं आणि तेही त्याच यादीत जातं. अशी यादी ठेवणारी ऑनलाइन सेवा या कामाला उत्तम, कारण ती खिशात असते, घरातल्या सगळ्यांना एकदम दिसते आणि वेळ झाली की आठवण करून देते. पण ज्यांचा दिवस कीबोर्डसमोर जातो अशा बऱ्याच लोकांची दिवसाची खरी आखणी दुसरीकडे, एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असते. कामाचे टप्पे, मीटिंगची टिपणं, अर्धवट राहिलेलं लेखन, उद्या कुठून सुरुवात करायची ते, सगळं त्या फाईलमध्ये. मोबाइलमधली भेट तिथे दिसली नाही तर सकाळी मन लावून केलेली आखणी अकरा वाजेपर्यंत कोलमडते.

ऑनलाइन यादीतल्या भेटी टेक्स्टमधल्या रोजनिशीत आपोआप कशा आणायच्या, हा या पुस्तिकेचा विषय आहे. त्यासाठी लागणारा प्रोग्राम फार मोठा नसतो. अवघड असतं ते त्याच्या आधीचं काम: कोणती नोंद कोणत्या वहीच्या मालकीची, हे ठरवणं. ते न ठरवता केलेलं सिंक काही दिवस छान चालतं, मग एकच भेट दोनदा दाखवतं, किंवा रद्द झालेली भेट यादीत तशीच ठेवतं. असं एकदा झालं की माणूस खात्री करायला दोन्ही वह्या उघडू लागतो, आणि मग सिंक असून नसल्यासारखं. म्हणून पुस्तिकेत प्रोग्रामइतकीच जागा त्यामागच्या निर्णयांना दिली आहे. ते निर्णय का घ्यावे लागतात, एवढंच इथे सांगायचं आहे.

टेक्स्ट फाईलमध्ये तारखा ठेवण्याची पद्धत जुनी आहे. १९७९ साली बेल लॅब्जमधून बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘कॅलेंडर’ नावाची एक आज्ञा होती. त्याच नावाची फाईल तुमच्या फोल्डरमध्ये असेल तर ती तिच्यातल्या आजच्या आणि उद्याच्या तारखांच्या ओळी काढून दाखवायची. आठवड्याच्या सुट्टीत हा ‘उद्या’ सोमवारपर्यंत लांबायचा. नोंद माणसाने आपल्या शब्दांत लिहायची आणि तारीख ओळखायचं काम यंत्राने करायचं, ही वाटणी तेव्हापासून टिकून आहे.

ही पद्धत पुढे सर्वांत बहरली ती ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९७६ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ईमॅक्सची सुरुवात केली आणि १९८५ साली जीएनयू ईमॅक्स सर्वांसाठी खुला केला. त्यातलं कॅलेंडर आणि डायरी एडवर्ड राइनगोल्ड यांनी लिहिली. मग जॉन विग्ली यांनी सुरू केलेला आणि नंतर फिलिपिन्सच्या साशा चुआ यांनी सांभाळलेला ‘प्लॅनर’ आला. त्यात प्रत्येक तारखेला स्वतःचं पान असायचं आणि त्या पानावर कामं, भेटी, टिपणं एकत्र नांदायची. २००३ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी आपल्या टिपणांसाठी ऑर्ग मोड लिहिला. २००७ साली ईमॅक्सच्या २२व्या आवृत्तीबरोबर तो सगळ्यांच्या हाती गेला. आज टेक्स्टमधली रोजनिशी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ऑर्ग मोडच येतो, आणि या पुस्तिकेतही तोच वापरला आहे. त्यातली एक नोंद अशी दिसते:

* दातांच्या डॉक्टरांकडे
  <२०२५-०८-१४ गुरु १०:३०-११:००>
  जुना एक्स-रे बरोबर न्यायचा.

एक तारा, एक शीर्षक, कोनी कंसात तारीख, वार आणि वेळ, खाली हवं ते लिहायला मोकळी जागा. प्रत्यक्ष फाईलमध्ये तारखेचे आकडे इंग्रजी लागतात, इथे छापताना ते देवनागरीत दिले आहेत. कोनी कंसातली तारीख अजेंड्यात दिसते. तीच चौकोनी कंसात लिहिली तर ती नुसती माहिती म्हणून राहते, अजेंड्यात येत नाही. सकाळी अजेंडा उघडला की सगळ्या फाईलींमधल्या आजच्या तारखा गोळा होऊन एका पानावर येतात. ही फाईल कुठल्याही संगणकावर उघडते, तिच्यात शोध घेता येतो, तिची प्रत काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसऱ्या बाजूला आहेत ऑनलाइन याद्या. ‘रिमेंबर द मिल्क’ ही सेवा एमिली बॉइड आणि ओमर किलानी यांनी २००५ साली ऑस्ट्रेलियातून सुरू केली. २००७ साली आमिर सालिहेफेंडिच यांची ‘टूडूइस्ट’ आली. पुस्तिकेतली उदाहरणं मुख्यतः रिमेंबर द मिल्कची आहेत, कारण आपल्याकडची माहिती बाहेरच्या प्रोग्रामांना देण्याचे तिचे नियम स्पष्ट लिहिलेले आहेत आणि ते सर्वांना वाचता येतात.

अशा सेवांकडून किती काळाची अपेक्षा ठेवायची, हे मात्र ध्यानात असावं. ‘ॲस्ट्रिड’ ही यादीची सेवा याहूने मे २०१३ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती बंद झाली. बर्लिनमध्ये सुरू झालेली ‘वुंडरलिस्ट’ मायक्रोसॉफ्टने २०१५ साली घेतली आणि ६ मे २०२० रोजी ती बंद केली. सेवा चालवणाऱ्यांची आपली गणितं असतात, त्यात गैर काही नाही. पण मागच्या दहा वर्षांत आपण कोणत्या डॉक्टरांकडे कधी गेलो, घराच्या दुरुस्तीला कोण कधी आलं, ही माहिती आपल्या घरात राहावी असं ज्याला वाटतं त्याने ती वेळच्या वेळी घरी आणत राहायला हवी. सिंकचा हा दुसरा फायदा रोजच्या धावपळीत लक्षात येत नाही, पण वर्षं जातात तशी त्याची किंमत वाढत जाते.

दोन्ही बाजूंना जोडायला एक सामाईक भाषा उपलब्ध आहे. तिचं नाव आयकॅलेंडर. नोव्हेंबर १९९८ मध्ये आरएफसी (म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) २४४५ म्हणून ती प्रसिद्ध झाली आणि सप्टेंबर २००९ मध्ये आरएफसी ५५४५ ने तिची सुधारित आवृत्ती दिली. गूगल कॅलेंडर, ॲपलचं कॅलेंडर, आउटलुक, सगळे ही भाषा बोलतात. तीही मुळात टेक्स्टच आहे. प्रत्येक भेटीसाठी ‘व्हीइव्हेंट’ आणि प्रत्येक कामासाठी ‘व्हीटूडू’ नावाचा एक ठोकळा, त्यात शीर्षक, सुरुवात, शेवट किंवा मुदत, पुनरावृत्तीचा नियम, आणि ‘यूआयडी’ म्हणजे त्या नोंदीचा कायमचा ओळख क्रमांक. सेवा आपल्याला एक गुप्त पत्ता देते आणि त्या पत्त्यावरून हे सगळं टेक्स्ट, म्हणजे फीड, एकदम उतरवून घेता येतं. दुसरी वाट एपीआयची. तिथे प्रोग्राम सेवेला प्रश्न विचारतो. मागच्या वेळी अमुक वाजता आलो होतो, तेव्हापासून काय बदललं ते सांग, असं रिमेंबर द मिल्कला विचारता येतं, आणि उत्तरात खोडलेल्या कामांची यादीही वेगळी मिळते. परवानगीच्या तीन पायऱ्या असतात: वाचणं, लिहिणं, खोडणं. आपल्या कामाला पहिली पुरते, आणि पुरेल तेवढीच घ्यावी.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात भारतातल्या माणसाला पहिली ठेच लागते ती वेळेत. एपीआयमधून मुदत येते ती यूटीसी या जागतिक वेळेत. १४ ऑगस्टच्या सकाळी साडेदहाची भेट तिथे पहाटे पाचची म्हणून येते. साडेपाच तास मिळवले की झालं. आता समजा, १५ ऑगस्टला करायचं एक काम आपण नुसती तारीख देऊन टाकलं, वेळ दिलीच नाही. सेवेच्या दृष्टीने त्याची मुदत म्हणजे आपल्याकडच्या १५ तारखेची मध्यरात्र. भारतात १५ ऑगस्ट उजाडतो तेव्हा जागतिक वेळेत १४ ऑगस्टच्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, म्हणून मुदत येते ‘२०२५-०८-१४, १८:३०’ अशी. शेजारी एक लहानशी खूण असते: या मुदतीला वेळ दिलेली आहे की नाही. ज्या प्रोग्रामने ती खूण पाहिली नाही आणि तारखेचे आकडे जसेच्या तसे उचलले, त्याच्या रोजनिशीत बिनवेळेची सगळी कामं एक दिवस आधी दिसतात. अमेरिकेत बसून लिहिलेल्या प्रोग्रामात ही चूक लपून राहते, कारण न्यूयॉर्कच्या मध्यरात्री जागतिक वेळेत पहाटेचे चार किंवा पाच वाजलेले असतात आणि तारीख तीच असते. ग्रिनिचच्या पूर्वेला राहणाऱ्यालाच ती सापडते. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम घेतला तरी पहिली चाचणी बिनवेळेच्या कामाची घ्यावी, असं मी म्हणतो ते यासाठी.

आयकॅलेंडरच्या फीडमध्ये उलटी गोष्ट घडते. तिथे पूर्ण दिवसाच्या नोंदीला वेळ नसतेच, नुसती तारीख असते. साडेपाच तास मिळवायची सवय लागलेला प्रोग्राम तिलाही ते मिळवतो आणि दिवसभराच्या कार्यक्रमाला पहाटे साडेपाचची वेळ चिकटते. शिवाय अशा नोंदीत शेवटची तारीख मोजायची नसते. १४ ऑगस्टचा एक दिवसाचा कार्यक्रम ‘१४ ला सुरू, १५ ला समाप्त’ असा लिहिलेला असतो. ऑर्ग मोडमध्ये तो तसाच उतरवला तर दोन दिवसांचा होतो, म्हणून शेवटच्या तारखेतून एक दिवस वजा करावा लागतो.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक पदर सांभाळावा लागतो. पुण्यातल्या आईच्या डॉक्टरांशी सकाळी साडेदहाला बोलायचं ठरलं असेल तर न्यू जर्सीत उन्हाळ्यात तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो आणि हिवाळ्यात बारा. आयकॅलेंडरमध्ये ‘एशिया/कोलकाता’ असं ठिकाणाचं नाव वेळेला जोडता येतं, पण ऑर्ग मोडच्या कोनी कंसात त्याला जागा नाही. तिथली वेळ ही संगणकाची स्थानिक वेळ. म्हणून बदललेली वेळ कंसात लिहावी आणि मूळ वेळ ठिकाणासकट खालच्या ओळीत ठेवावी. दोन्ही दिसल्या की फोनवर वेळ पक्की करताना गोंधळ होत नाही.

आपल्या लिपीचाही एक प्रश्न आहे आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात तो सहसा येत नाही. आयकॅलेंडरचा नियम असा की एक ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी. लांब झाली तर ती मोडायची आणि पुढच्या ओळीची सुरुवात एका मोकळ्या जागेने करायची. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही वेगळी चिन्हं धरली जातात. ‘दंतवैद्याकडे’ हा एकच शब्द १२ चिन्हांचा, म्हणजे ३६ बाइटचा होतो. शीर्षकाच्या ओळीची पहिली आठ बाइट तिच्या इंग्रजी नावात जातात. उरलेल्या ६७ मध्ये देवनागरीची २२ चिन्हं बसतात आणि एक बाइट उरते. ओळ मोडणाऱ्या प्रोग्रामने अक्षराचं भान ठेवलं नाही तर तेविसाव्या चिन्हाचा एक तृतीयांश भाग वरच्या ओळीत आणि दोन तृतीयांश खालच्या ओळीत जातो. अशी फाईल ओळीओळीने वाचली की ऐन शब्दाच्या मध्यभागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं उमटतात. आरएफसी ५५४५ ने ही शक्यता स्वतःच नोंदवली आहे. उपाय सोपा आहे: आधी बाइटच्या पातळीवर ओळी परत जोडायच्या आणि मगच त्यांची अक्षरं करायची. हा क्रम पाळला की मराठी शीर्षकं स्वच्छ येतात. मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी यादीच इंग्रजीत लिहायची, ही तडजोड मला मान्य नाही. आईच्या तपासणीची आठवण आपल्या शब्दांत आली पाहिजे आणि ती येऊ शकते.

वेळ आणि अक्षरं जागेवर बसली की खरा विचाराचा भाग सुरू होतो. ऑनलाइन यादीत कामाला मुख्यतः एकच तारीख दिलेली असते, मुदतीची. रोजनिशीत मात्र तीन वेगळ्या गोष्टी असतात. भेट म्हणजे ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी हजर राहणं, आणि ती वेळ टळली की विषय संपतो. ‘डेडलाइन’ म्हणजे त्या दिवसापर्यंत काम संपलं पाहिजे, म्हणून ऑर्ग मोड १४ दिवस आधीपासून तिची आठवण देतो. ‘शेड्यूल्ड’ म्हणजे त्या दिवशी काम हातात घ्यायचं, आणि पूर्ण झाल्याची खूण करेपर्यंत ते रोज पुढे येत राहतं. ऑर्ग मोडची पुस्तिका बजावून सांगते की मीटिंगला शेड्यूल्ड लावू नका, साधी तारीख-वेळ लिहा. ऑनलाइन यादीतून आलेल्या सगळ्या नोंदी एकाच साच्यात ओतल्या तर गेल्या मंगळवारची दातांच्या डॉक्टरांची भेट आजही ‘राहिलेलं काम’ म्हणून समोर येते, आणि विजेच्या बिलाची आठवण फक्त शेवटच्या दिवशी होते. म्हणून भाषांतराचा नियम हवा. पुस्तिकेत वापरलेला नियम साधा आहे: ज्या नोंदीला वेळ आहे ती भेट, जिला नुसती तारीख आहे ती डेडलाइन. शेड्यूल्ड बाहेरून कधीच येत नाही. काम कधी हातात घ्यायचं हे ठरवणं रोजनिशीचं, म्हणजे आपलं, काम आहे. घरातल्या सर्वांना हा नियम एकदा सांगून ठेवला की सामाईक यादीत लिहितानाच जो तो वेळ घालायची काळजी घेतो.

पुनरावृत्तीचंही असंच आहे. दर सोमवारचा क्लास आणि शेवटच्या सर्व्हिसिंगनंतर सहा महिन्यांनी करायचं पाण्याच्या फिल्टरचं सर्व्हिसिंग, या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिली कॅलेंडरवरून मोजायची, दुसरी काम झाल्याच्या दिवसापासून. रिमेंबर द मिल्कमध्ये या दोन्हींची सोय वेगवेगळी आहे आणि ऑर्ग मोडमध्येही. त्यांच्या जोड्या नीट लावल्या नाहीत तर सर्व्हिसिंग महिनाभर लांबलं तरी पुढची तारीख जुन्याच हिशेबाने येते.

आता ओळख क्रमांकाबद्दल, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. दुहेरी नोंदीच्या हिशेबात व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितात, मग खतावणीत त्या त्या खात्यावर चढवतात, आणि चढवल्यावर रोजकीर्दीच्या रकान्यात खातेपान क्रमांक टाकतात. रकाना रिकामा असेल तर नोंद चढवायची राहिली आहे. भरलेला असेल तर ती पुन्हा चढवायची नाही. सिंकला नेमकी हीच शिस्त लागते. शीर्षक आणि तारीख जुळवून नोंद ओळखू पाहणारा प्रोग्राम भेट पुढे ढकलली की फसतो, कारण तारीख बदलली म्हणजे त्याला ती नवी नोंद वाटते. जुनी तशीच राहते आणि रोजनिशीत दोन भेटी दिसतात. म्हणून सेवेने दिलेला क्रमांक प्रत्येक नोंदीखाली लिहून ठेवायचा. रिमेंबर द मिल्कमध्ये असे तीन क्रमांक असतात: यादीचा, मालिकेचा आणि कामाचा. काम एका यादीतून दुसरीत हलवलं की यादी बदलते, म्हणून तिच्या क्रमांकावर ओळख बांधू नये. कॅलेंडरवरून मोजून पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामात मालिकेचा क्रमांक तोच राहतो आणि प्रत्येक खेपेला कामाचा नवा मिळतो, म्हणून एकेका भेटीची ओळख कामाच्या क्रमांकावरच ठेवावी.

मालकीचा प्रश्न इथे निर्णायक होतो. या पुस्तिकेची शिफारस एकतर्फी सिंकची आहे. ऑनलाइन यादीतून आलेल्या भेटींची रोजनिशीत एक स्वतंत्र फाईल असावी, आणि दर वेळी ती फाईल पूर्ण नव्याने लिहिली जावी. तिच्यात हाताने एक अक्षरही लिहायचं नाही. भेट ठरवणं, बदलणं, रद्द करणं हे सगळं ऑनलाइन यादीत. त्या भेटीची तयारी, टिपणं, तिथे काय बोलणं झालं, हे सगळं आपल्या दुसऱ्या फाईलमध्ये, ओळख क्रमांकाचा दुवा देऊन. अशी वाटणी केली की जुळवाजुळव करायची गरजच उरत नाही. यादीतून भेट गेली की फाईलमधूनही जाते, आणि टिपण मात्र जागेवर राहतं.

दुतर्फी सिंकचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून तो महाग का पडतो ते इथेच सांगतो. समजा, एक भेट यादीत आहे आणि फाईलमध्ये नाही. ती यादीत नुकतीच आली आहे, की फाईलमधून मुद्दाम खोडली आहे? दोन्ही वह्या समोर ठेवून कितीही पाहिलं तरी याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी तिसरी वही लागते: मागच्या वेळी दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा काय होतं त्याची प्रत. मग प्रत्येक बाजूची तुलना त्या प्रतीशी करायची, आणि दोन्हीकडे बदल झाला असेल तर माणसाला विचारायचं. हे करता येतं, आणि शेवटच्या प्रकरणात केलेलंही आहे. पण ज्याला फक्त सकाळी आजच्या भेटी एका पानावर पाहायच्या आहेत त्याला या खटाटोपाची गरज नाही.

एकतर्फी सिंकमध्ये सर्वांत घातक ठरते ती शांतपणे झालेली चूक. इंटरनेट गेलेलं असतं, किंवा सर्व्हरने भेटींच्या जागी ‘थोड्या वेळाने या’ असं पान पाठवलेलं असतं. प्रोग्रामला त्यात एकही भेट सापडत नाही, तो रिकामी फाईल लिहून मोकळा होतो, आणि रोजनिशी सांगते की आज काहीच नाही. म्हणून तीन खबरदाऱ्या कायमच्या. उतरवलेल्या मजकुराची पहिली आणि शेवटची ओळ आयकॅलेंडरचीच आहे ना, हे तपासायचं. नवी फाईल आधी वेगळ्या नावाने लिहायची आणि पूर्ण झाल्यावरच जुनीच्या जागी ठेवायची. आणि शेवटचं यशस्वी सिंक कधी झालं ती तारीख-वेळ फाईलच्या माथ्यावर, अजेंड्यात दिसेल अशी, लिहायची. ईमॅक्स भेटीच्या १२ मिनिटं आधी सूचना देतो. त्या सूचनेवर माणूस विसंबणार असेल तर तिच्यामागची माहिती ताजी आहे की शिळी, हे त्याला कळायलाच हवं.

गुप्ततेबद्दलही एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. फीडचा पत्ता हीच किल्ली असते. तो ज्याच्या हाती पडेल त्याला पासवर्डशिवाय तुमच्या सगळ्या भेटी दिसतात, आणि भेटींमध्ये दवाखाने, वकील, मुलांच्या शाळेच्या वेळा असतात. तो पत्ता प्रोग्रामच्या मजकुरात लिहू नये, एनक्रिप्ट केलेल्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवावा, आणि प्रोग्राम दुसऱ्या कोणाला देण्याआधी एकदा वाचून पाहावा.

मराठी घरातल्या काही तारखा या सगळ्या नियमांच्या बाहेर राहतात. संकष्टी, तिथीने येणारा वाढदिवस, वडिलांचं वर्षश्राद्ध यांना ‘दर वर्षी याच तारखेला’ हा नियम लागू पडत नाही. २०२३ साली अधिक श्रावण आला तसा अधिक मास आला की महिनाही सरकतो. मे २०१५ च्या आरएफसी ७५२९ ने ग्रेगरीयन सोडून इतर कॅलेंडरांवर आधारलेली पुनरावृत्ती आयकॅलेंडरमध्ये आणली. पण त्यातलं भारतीय कॅलेंडर म्हणजे २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारलेलं राष्ट्रीय कॅलेंडर. ते सौर आहे, तिथीचं पंचांग चांद्र-सौर, त्यामुळे तिथीचा प्रश्न त्याने सुटत नाही. टेक्स्ट रोजनिशीची ताकद इथे कळते. वर्षाच्या सुरुवातीला पंचांग पाहून त्या वर्षाच्या तारखा एका फाईलमध्ये ओळीने लिहून टाकल्या की त्या बाकीच्या भेटींबरोबर अजेंड्यात येतात. ज्यांना गणिताची हौस आहे त्यांच्यासाठी राइनगोल्ड आणि नाखुम डेर्शोविट्झ यांचा १९९७ चा ‘कॅलेंड्रिकल कॅल्क्युलेशन्स’ हा ग्रंथ आहे. त्यात हिंदू पंचांगांचं गणितही दिलेलं आहे. ईमॅक्सची डायरी लिहिणाऱ्यानेच हा ग्रंथ लिहावा याचा मला फार आनंद वाटतो.

पुस्तिकेची मांडणी साधारण याच क्रमाने आहे. आधी फीड उतरवून एक भेट हाताने रोजनिशीत आणायची, मग वेळ आणि लिपी यांचे प्रश्न सोडवायचे, त्यानंतर भेट आणि डेडलाइन यांची वाटणी, ओळख क्रमांक, पुनरावृत्ती, आणि शेवटी इच्छा असेल तर दुतर्फी सिंक. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तपासणीसाठी मुद्दाम अवघड नोंदी दिल्या आहेत: बिनवेळेचं काम, लांब मराठी शीर्षक, पुढे ढकललेली भेट, रद्द झालेला क्लास. आपला प्रोग्राम या सगळ्यांतून पार पडल्याशिवाय पुढच्या प्रकरणाला हात घालू नये.

ऑर्ग मोड, ईमॅक्सची डायरी, आयकॅलेंडर वाचणारी तिची जोडणी ही सगळी कामं जगभरच्या लोकांनी आपल्या फावल्या वेळात केली आणि विनामूल्य दिली. कार्स्टन डॉमिनिक यांच्यानंतर ऑर्ग मोडची धुरा पुढे नेणारे बास्तियाँ गेरी आणि त्यांच्याबरोबरचे असंख्य हात यांच्याविना या पुस्तिकेला विषयच मिळाला नसता. हे ऋण मनापासून मानतो. ते फेडायची एकच रीत मला ठाऊक आहे: आपल्याला सापडलेली अडचण आणि तिचा उपाय नीट लिहून त्यांच्यापर्यंत पोचवणं. साडेपाच तासांचा फरक आणि तीन बाइटची अक्षरं या अडचणी आपल्या रोजच्या आहेत, म्हणून त्या नोंदवण्याची जबाबदारीही आपली.

वाचकाने सुरुवात एकाच यादीने आणि एकतर्फी सिंकने करावी. पहिला महिनाभर रोज सकाळी अजेंडा आणि मोबाइलची यादी शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात, आणि फरक दिसला की तो का पडला हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. फरक पडायचे थांबले की ताडून पाहणं सोडावं आणि अजेंड्यावर निर्धास्त विसंबावं.